वर्किंग कंडिशन

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ सालच्या जुलैअखेर व्हीसीआर बनवणं बंद केलं. जगात व्हीसीआर बनवणारी तेवढी एकच कंपनी उरली होती, त्यामुळे विषय संपला. आमच्या घरी व्हीसीआर घ्यायचा ठराव पास झाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आमच्या घराण्याची ही रीतच आहे. वडिलांनी टेलिफोनसाठी नंबर लावला होता. तो लागला तोवर घरात माणशी एक मोबाइल झाला होता.

निमित्त झालं माळ्यावरच्या पिशवीचं. डोंबिवलीतल्या कुठल्याही माळ्यावर असतात तशाच तिच्यात व्हिडिओ कॅसेटी होत्या. आमचं लग्न, भाच्याची मुंज, मुलीचं बारसं, आत्याची साठी. एकीवर नुसतंच 'अमेरिका' लिहिलेलं. आणि एकीवर आईच्या अक्षरात 'महत्त्वाचे. पुसू नये.' त्यात काय आहे, असं आईला विचारलं.

"महत्त्वाचं असणार," आई म्हणाली. "उगाच कशाला लिहीन?"

सगळं डिजिटल करून घ्यायचं ठरलं. स्टेशनजवळच्या दुकानदाराने कॅसेटमागे दर सांगितला. मी त्याला पिशवीने गुणलं आणि मला आपल्या लोकांचा तो प्रसिद्ध हिशेब सुचला: एवढ्या पैशात तर आख्खं मशीन येईल, काम झालं की विकून टाकू, म्हणजे सगळं फुकटातच पडलं! याच हिशेबाने आमच्याकडे एक ट्रेडमिल, एक हार्मोनियम आणि एक लोकर विणायचं यंत्र आहे. बायकोनेही पाठिंबा दिला, पण वेगळ्या कारणाने.

"आपल्या लग्नाची कॅसेट परक्या माणसाला बघायला द्यायची?"

हीच कॅसेट १९९३ साली तिने दोन्ही चाळींना, त्यांच्या पाहुण्यांना आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला दाखवली होती, हे मी बोललो नाही.

व्हीसीआर निवडणं ही पूर्वी निवड नव्हतीच. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर भाड्याने मिळायला लागला. संध्याकाळी हातगाडीवरून टीव्ही आणि व्हीसीआर यायचा, सोबत तीन सिनेमे आणि एक मुलगा. मुलगा सतरंजीच्या कोपऱ्यात झोपायचा. चित्र हलायला लागलं की त्याला गदागदा उठवायचं. तो डोळे न उघडता ट्रॅकिंगचं चाक फिरवायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. मशीन कुठल्या कंपनीचं, हेडं किती, असले प्रश्न कुणी विचारले नाहीत. तिसरा सिनेमा पहाटे संपायचा आणि आख्खी चाळ लाल डोळ्यांनी कामावर जायची.

आता मात्र ज्यांनी व्हीसीआर वीस-वीस वर्षं पाहिलेला नाही, त्या सगळ्यांना त्यातलं कळायला लागलं होतं. भाचा आयटीत आहे. त्याला एखादी वस्तू घ्यायची असं नुसतं सांगावं, तो तिचा अभ्यास करतो. अभ्यास पुरा होईपर्यंत वस्तूची गरज संपलेली असते.

"मामा, टीबीसी नसलेला व्हीसीआर घरात आणायचाच नाही."

"टीबी?" आतून आई. "मग नकोच बाई. नीट तपासून आणा."

टीबीसी म्हणजे टाइम बेस करेक्टर. जुनी टेप ताणलेली, लाटा आलेली असते, त्यामुळे चित्राची प्रत्येक रेष आपापल्या सोयीने येते. कुणी लवकर, कुणी उशिरा. मग दाराच्या चौकटी नागमोडी दिसतात आणि चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो. टीबीसी आलेल्या रेषा क्षणभर थांबवून धरतो आणि मोजून मापून वेळेवर सोडतो. हे ऐकल्याबरोबर मला वाटलं, की हे यंत्र खरं म्हणजे मध्य रेल्वेला हवं. पण ते काही मोजक्या, महागड्या व्हीसीआरमध्येच असतं आणि ते व्हीसीआर ज्यांच्याकडे आहेत, त्यांना त्यांची किंमत कळलेली आहे.

मग हेडांचा प्रश्न. आपल्याकडच्या पाल पद्धतीत व्हीसीआरचं ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि त्याच्यावर बसवलेली हेडं टेपवरचं चित्र वाचतात. कामाला दोन हेडं पुरतात. जादाची दोन असली तर लाँग प्ले आणि पॉज जरा बरं दिसतं, एवढंच. मेहुण्याने क्षणात निकाल दिला, "चार घ्या. एक गेलं तर तीन राहतात."

भाचा म्हणाला, एस-व्हीएचएस घ्या. ही १९८७ मध्ये आलेली सुधारलेली जात, तिच्यात चारशेच्या आसपास रेषांचा तपशील मावतो. साध्या व्हीएचएसमध्ये जेमतेम २४०. मी म्हटलं, अरे, आपल्या कॅसेटी साध्याच आहेत, मशीन सुधारून त्या थोड्याच सुधारणार? तर म्हणाला, मशीन चांगलं असलं की आहे तेवढं तरी पुरतं बाहेर येतं. मी मनात हिशेब मांडला. आमच्या लग्नाला सहाशे माणूस होतं. २४० रेषा. माणशी अर्धीसुद्धा येत नाही. त्यातही शूटिंगवाल्याने मूळ कॅसेट स्वतःकडे ठेवून आम्हाला कॉपी दिलेली, म्हणजे त्या अर्ध्यातलीही निम्मी त्याच्याकडे.

एवढं ज्ञान घेऊन मी लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्याच दुकानातल्या पोराने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अंकल, सीसीटीव्हीचा डीव्हीआर पाहिजे ना? आठ कॅमेऱ्यांचा की सोळा?"

त्याला मी व्हीसीआर म्हणजे काय ते समजावलं. त्याने गल्ल्यावरच्या वडिलांना विचारलं. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्याकडे तरुणपणच मागायला आलोय. "चोर बाजार में देखो," ते म्हणाले आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले.

चोर बाजारात व्हीसीआर होते. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे आणि सिनेमाची पोस्टरं यांच्या मधे ते रचून ठेवले होते.

"चालू आहे का?"

"एकदम वर्किंग कंडिशन, साहब." त्याने वायर जोडली. काचेमागे बारा वाजलेले दिसले आणि लुकलुकायला लागले. "देखो."

"हे घड्याळ झालं. कॅसेट लावून दाखवा."

"साहब, टाइम दिखा रहा है ना? अंदर से जान है तभी तो दिखा रहा है।"

त्या क्षणी माझ्या घड्याळात साडेचार वाजले होते, पण त्याला माझा आक्षेप नव्हता. व्हीसीआरचं घड्याळ बारावरच लुकलुकतं. ते लावता येणारा माणूस आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच होता आणि त्याला सोसायटीने सेक्रेटरी केलं.

अशा वेळी जाणकार सांगतात, की स्वतःची कॅसेट बरोबर न्यावी, पण खराब झाली तरी चालेल अशीच न्यावी. हा सल्ला देणाऱ्यांना कुटुंब नसावं. खराब झाली तरी चालेल अशी कॅसेट कुठली, यावर आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत बैठक चालली. मी मेहुण्याच्या साखरपुड्याची सुचवली, तेव्हा बायको उठून आत गेली. बायकोने माझ्या निरोप समारंभाची सुचवली, तेव्हा मी गेलो. शेवटी योगासनांची निवडली. ती घरात कुणी कधीच पाहिलेली नसल्यामुळे अगदी कोरी करकरीत होती.

पुढच्या दुकानदाराने ती आत सरकवली. मशीन गुरगुरलं, पडद्यावर क्षणभर एक गुरुजी हात जोडून उभे दिसले आणि मग आतून कागद चावल्यासारखा आवाज यायला लागला. दुकानदाराने झाकण उघडून बोटं घातली आणि हातभर टेप बाहेर ओढली. टेपची जी अवस्था झाली होती तिला शास्त्रात बहुधा पश्चिमोत्तानासन म्हणतात.

"रबर का प्रॉब्लम है," तो म्हणाला. रबराचा पिंच रोलर कडक झाला, की टेप सरळ ओढली जात नाही, कुठेतरी गुंडाळली जाते. हे निदान बरोबर होतं. "बाकी मशीन वर्किंग कंडिशन है."

मोबाइलवर तर व्हीसीआरांचा सुकाळ होता. तिथे चालू असलेल्याला म्हणतात 'दुर्मीळ', बंद असलेल्याला म्हणतात 'अँटिक' आणि किंमत अँटिकची जास्त. एका जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: 'फक्त शोभेसाठी'. एकाने फोटोत व्हीसीआरवर मनी प्लांटची कुंडी ठेवली होती. मी फोन केला तर म्हणाला, "कुंडीसकट देईन. नुसतं मशीन दिलं तर कुंडी कुठे ठेवू?"

आणि मग ठाण्यातले काका भेटले.

नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात, ऐंशीच्या घरातले. त्यांच्या धाकट्या भावाने १९८७ मध्ये मस्कतहून आणलेला व्हीसीआर. मी पोचलो तेव्हा तो टेबलावर होता, वर क्रोशाचं कव्हर, कव्हरवर प्लास्टिकचं कव्हर आणि शेजारी एक वही. वहीत आजवर या मशीनमध्ये गेलेल्या प्रत्येक कॅसेटची तारीख, वेळ आणि शेरा. 'हेड साफ केले.' 'चित्र उत्तम.' 'शेजाऱ्यांची कॅसेट, पुन्हा देऊ नये.'

मी मशीनबद्दल विचारायला तोंड उघडलं, तोवर त्यांनीच सुरुवात केली.

"राहता कुठे?"

"डोंबिवलीला."

"पूर्व की पश्चिम?"

"पूर्व."

"रस्त्यालगत?"

"आतल्या बाजूला आहे, काका."

"धूळ?"

"बेताची."

"घरात लहान मुलं? म्हणजे कॅसेटच्या फटीत बिस्किटं घालणारी?"

"मुलगी नोकरी करते."

"करू दे. हेड कशाने साफ कराल?"

मेहुण्याने कोरी दहाची नोट घासायला सांगितली होती. पूर्वी सगळे तसंच करायचे. पण काकांचा चेहरा बघून मी म्हणालो, "आयसोप्रोपिल अल्कोहोल. आणि शामॉय."

"कसं फिरवाल?"

"आडवं. उभं फिरवलं तर हेड तुटतं."

त्यांनी पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं. चहाही आला. चार हेड आहेत का, टीबीसी आहे का, असलं काही विचारायची माझी शामत नव्हती. अखेर किंमत ठरली. म्हणजे त्यांनी पैसे घ्यायला चक्क नकार दिला आणि दोन अटी घातल्या. मशीन विकायचं नाही, काम झालं की परत आणायचं. आणि बुरशी लागलेली कॅसेट त्यात घालायची नाही.

"ते कळणार कसं?" मी विचारलं.

"मला कळतं. मी येतो."

ते त्याच वेळी यायला निघाले. लोकलला त्यांचा सक्त विरोध होता, धक्के बसतात म्हणून. आम्ही रिक्षा केली. ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत मांडीवर व्हीसीआर घेऊन काका ताठ बसले होते आणि दर खड्ड्याला तो चार बोटं वर उचलून धरत होते. डोंबिवलीत शिरल्यावर त्यांनी तो खाली टेकवलाच नाही.

घरी आल्यावर त्यांनी टॉर्च आणि भिंग काढून पिशवीची तपासणी सुरू केली. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली की ती बाजूला. आमचा माळा म्हणजे स्वयंपाकघराच्या वर, त्यात डोंबिवलीचा पावसाळा. बुरशीला आणखी काय लागतं? ती हेडला लागली की पुढच्या कॅसेटला लागते, असं काका समजावत होते. बाद झालेल्यांत सगळ्यात वर आत्याची साठी होती.

"माझीच बरी बुरशी लागली," आत्या फोनवर म्हणाली. "तुझ्या बायकोच्या माहेरच्यांना नाही लागली ती?"

'अमेरिका' लिहिलेली कॅसेट मात्र ठणठणीत निघाली. न्यू जर्सीच्या काकांनी नव्वदीच्या सुमाराला पाठवलेली. तिथली पद्धत एनटीएससी, ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास तीस चित्रं. आपली पाल, ६२५ रेषा आणि पंचवीस चित्रं. त्यामुळे तेव्हा ती लावल्यावर नुसते करडे पट्टे वर सरकत राहिले होते. तरी वडिलांनी लगेच पत्र लिहिलं होतं, 'कॅसेट पाहिली. फार आनंद झाला. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं.' आजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं आहे. पट्टे फार वेळ पाहिले होते तिने.

पण आखातातून आलेली मशीनं बहुतेकदा मल्टिसिस्टिम असायची, सगळ्या पद्धतींच्या कॅसेटी चालवणारी. काकांचं मशीनही तसंच निघालं. दोन हेडांचं, साधं, टीबीसी नसलेलं. भाच्याच्या चेहऱ्यावरची निराशा लपत नव्हती. आणि त्यात अमेरिका चालू झाली. रंग आले नाहीत, पण चित्र थांबलं. आम्ही सगळे सरसावून बसलो. न्यू जर्सीच्या काकांच्या गॅरेजचं दार बटण दाबल्यावर उघडत होतं. मग मिटत होतं. मग काकू बटण दाबत होत्या. मग दोघांची मुलं, एकेक करून. पुढचा अर्धा तास फ्रिजमधून आपोआप पडणारा बर्फ होता.

डिजिटल करणं हे काम वाटतं तसं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, कॉपी-पेस्ट करा ना." टेपला कॉपी-पेस्ट नसतं. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते आणि शेजारी कुणीतरी बसावं लागतं. पहिल्याच दिवशी मुसळधार पाऊस होता, हवेत ओल होती, मशीनने ओलाव्याचा दिवा पेटवून कॅसेट घ्यायला साफ नकार दिला. "पंख्याखाली ठेवा दोन तास," काका म्हणाले. तोवर आम्हीही पंख्याखाली बसलो.

आईची 'महत्त्वाचे. पुसू नये' लावली. मुंग्या. पूर्ण पडद्यावर, खर्र आवाजासकट, तीन तास मुंग्या. मी बंद करायला उठलो.

"पुसू नये लिहिलंय," आई म्हणाली.

त्या मुंग्या आता हार्ड डिस्कवर सुरक्षित आहेत, उत्तम दर्जाच्या, दोन ठिकाणी बॅकअपसह.

मग आमच्या लग्नाची. मुहूर्त गाठून सगळे जमले. शूटिंगवाल्याने मिक्सिंगचा सगळा जीव त्यात ओतला होता. बायको गुलाबाच्या फुलातून उमलली, मी बदामाच्या आकारातून बाहेर आलो, मग आम्ही दोघं मिळून एका गोल फिरणाऱ्या ठोकळ्याच्या सहा बाजूंवर चिकटलो. हॅलोजनच्या झोतात सगळे वऱ्हाडी डोळे मिचकावत होते. पंगतीत प्रत्येकाच्या तोंडात जिलबी जाईपर्यंत कॅमेरा हलत नव्हता. पाहणाऱ्यांत मात्र कुणाचंच लग्नाकडे लक्ष नव्हतं. जो तो स्वतःला शोधत होता. "थांब, थांब, मागे घे. तो खांबामागचा हात माझा!" मेहुणा म्हणाला.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी हार घेऊन उभा, चेहऱ्यावर घाम. 'सावधान' होणार, एवढ्यात चित्राला झटका बसला आणि पडद्यावर ईडन गार्डन्स आलं.

१३ मार्च १९९६. विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध श्रीलंका. कुणालाही सांगायला नको असा सामना: २५२ धावा हव्या होत्या, १२० वर आठ गेले, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडने सामना श्रीलंकेला दिला आणि विनोद कांबळी रडत रडत आत गेला. आम्ही टेपवर होता तेवढा सामना पुन्हा पाहिला. पुन्हा हरलो. लग्न पुढे आलंच नाही.

"म्हणजे आपलं लग्न लागल्याचा पुरावाच नाही," बायको म्हणाली. तिच्या आवाजात दुःख होतं असं मी खात्रीने म्हणू शकत नाही.

काकांनी कॅसेट बाहेर काढून तिची पाठ भिंगाखाली धरली. कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून मागच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडायचा असतो. तो शूटिंगवाल्याने बरोबर मोडला होता. पण त्या खाचेवर नीट कापून चिकटपट्टी लावलेली होती, म्हणजे रेकॉर्डिंग पुन्हा करता यावं म्हणून. ही नजरचूक नव्हे, पूर्वनियोजित होतं. आमच्याकडे तेव्हा व्हीसीआरही नव्हता. ती कॅसेट त्या वर्षी सासरी होती, 'आईला दाखवायला' म्हणून नेलेली. सगळ्यांच्या नजरा वळल्या तेव्हा मेहुणा पाणी प्यायला उठला होता. अजून पाणीच पितोय.

काकांचा व्हीसीआर ठरल्याप्रमाणे परत गेला. वहीत त्यांनी आमच्या घराची नोंद केली: 'बुरशी फार. माणसं बरी.' कुणाला व्हीसीआर घ्यायचा असेल तर माझं मत असं, की हेडं आणि रेषा बाजूला ठेवा, ज्याने मशीनला दोन कव्हरं घातलीत असा माणूस शोधा.

आणि एक विनंती. १९९३ सालच्या वैशाखात ठाण्यात झालेल्या एका लग्नाची कॉपी शूटिंगवाल्याने आणखीही काही नातेवाइकांना दिली होती. ज्यात शेवटच्या मंगलाष्टकाच्या 'सावधान'पासून पुढचं आहे अशी कॅसेट कुणाच्या माळ्यावर असेल, तर कृपया कळवा. बदल्यात भारत-श्रीलंका उपांत्य सामना डिजिटल करून देऊ. मुंग्याही हव्या असल्या तर देऊ, पण आईची परवानगी घ्यावी लागेल.